पालेस्त्रा म्हणजे तालीम

'पालेस्त्रा' हा शब्द मूळचा ग्रीक. कुस्ती शिकविण्याची जागा असा त्याचा अर्थ. ग्रीकांकडून तो रोमन लोकांनी उचलला आणि आज इटलीत कोणत्याही व्यायामशाळेला पालेस्त्राच म्हणतात. आपल्याकडे त्याला प्रतिशब्द शोधावा लागत नाही. तो तयारच आहे: तालीम. १९१४ साली ब्राझीलमधील साओ पावलो शहरात पोटासाठी आलेल्या इटालियनांनी फुटबॉलचा एक क्लब काढला आणि त्याचे नाव 'पालेस्त्रा इतालिया' असे ठेवले. सरळ मराठीत सांगावयाचे तर इटली तालीम. पुढे अठ्ठावीस वर्षांनी ते नाव पाटीवरून पुसावे लागले. नाव का ठेवले आणि पुसल्यावर मागे काय उरले, याची ही हकीकत आहे.

ब्राझीलच्या फुटबॉलशी हिंगोलीच्या मास्तराला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण तालीम आणि सरकार यांचे नाते आमच्या मुलखाला अपरिचित नाही. निजामाच्या राज्यात आखाडा काढावयाचा तर परवानगी लागे, खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी लागे, आणि सभेसाठी गश्ती निशान ५३ होतीच. जोर-बैठका काढणाऱ्या पोरांत राज्यकर्त्यांना एवढे भिण्यासारखे काय दिसते, असा प्रश्न पडतो. मला वाटते, त्यांना व्यायामाची भीती नसते. चार माणसे रोज ठरल्या वेळी, कोणी न बोलावता, एका जागी जमतात, या गोष्टीची असते.

तर मूळ गोष्टीकडे वळू. १३ मे १८८८ रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. साओ पावलो प्रांतातील कॉफीच्या मळेवाल्यांना हा दिवस उगवणार हे आधीच दिसत होते. गुलामांच्या जागी हात कोणाचे आणावयाचे? त्यांनी सरकारच्या तिजोरीतून बोटीचे भाडे देवविण्याची व्यवस्था केली आणि इटलीत दलाल धाडले. उत्तर इटलीतील व्हेनेटो प्रांत तेव्हा इतका नागवला होता की, वर्षानुवर्षे नुसता मका खाऊन शेतकऱ्यांना पेलाग्रा नावाचा रोग जडत असे. दलालांना फार बोलावे लागले नाही. १८८० च्या सुमारापासून पुढील पन्नास वर्षांत इटलीतून ब्राझीलला गेलेल्यांची संख्या सुमारे १४-१५ लाख भरते. जेनोवाला बोटीत बसावयाचे, सांतोस बंदरात उतरावयाचे, तेथून घाट चढणाऱ्या रेल्वेने साओ पावलो गाठावयाचे. तेथे ब्रास नावाच्या भागात सरकारने या लोकांसाठी एक प्रचंड धर्मशाळा बांधली होती. तिच्याच आवारात मळेवाले येऊन माणसे ठरवीत.

फुकट भाडे एकट्या माणसाला नसे; कुटुंबाला असे. करारही कुटुंबाशीच. कॉफीच्या हजार झाडांची निगा राखण्याचे वर्षाला अमुक पैसे, फळे तोडण्याचे मापावर वेगळे, आणि झाडांच्या ओळींमधून मका व घेवडा पेरण्याची मुभा. हे वाचताना आपल्या ऊसतोडीतला 'कोयता' आठवल्यावाचून राहत नाही. आमच्याकडेही नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांच्या नावावर, आणि फेडही दोघांच्या अंगावर. दिवाळी झाली की आमच्या भागातील शाळांचे काही बाक रिकामे होतात. पोरांची नावे हजेरीपटावर राहतात आणि पोरे कारखान्याच्या पट्ट्यात पाचटाच्या कोपीत. मळ्यावरचे इटालियन पोरही असेच झाडाखाली वाढले. दुकान मालकाचे, उधारीची वही मालकाची, आणि मुकादमाला गुलामांवर ओरडण्याची सवय अजून ताजी. तक्रारी इतक्या वाढल्या की १९०२ साली इटलीच्या सरकारने फुकट भाड्याने ब्राझीलला माणसे नेण्यास बंदी घातली. तोवर ज्यांना मळ्याचा वीट आला होता ते शहराकडे सरकू लागले होते. ब्रास, मोओका, बेशिगा या वस्त्या त्यांनी भरून टाकल्या. कोणी कापडगिरणीत लागला, कोणी गवंडी झाला, कोणी गाड्यावर भाजी विकू लागला. आणि एखादा फ्रान्चेस्को मातारात्सो! १८८१ साली आलेला हा माणूस चरबीच्या धंद्यापासून सुरुवात करून ब्राझीलमधील सर्वांत मोठ्या कारखानदारांपैकी एक होऊन बसला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे सारे फुकट जाईल. ही माणसे घर सोडून निघाली तेव्हा इटालियन नव्हती. इटलीचे राज्य १८६१ मध्ये एक झाले आणि रोम तर १८७० मध्ये त्यात आले. राजा झाला, निशाण झाले. परंतु खेड्यातील माणसाला 'तू कोण' म्हणून विचारले तर तो आपल्या गावाचे नाव सांगे. व्हेनेटोच्या शेतकऱ्याची बोली कालाब्रियाच्या गवंड्याला समजत नसे. वस्त्याही तशाच पडल्या. बेशिगात कालाब्रियाचे लोक, ब्रासमध्ये बहुतेक दक्षिणेकडचे. देव वेगळा, जत्रा वेगळी, लग्ने आपापल्यांत. त्या सर्वांना एका नावाने हाक मारली ती प्रथम परक्यांनी. ब्राझीलच्या जुन्या रहिवाशांना हे सगळे सारखेच, 'इतालियानो'. रागात असले तर 'कार्कामानो', ही तर शिवीच होती.

आपल्या मुंबईत याच काळात गोमंतकीयांचे काय चालले होते ते ताडून पाहण्यासारखे आहे. बोटीवर खलाशी, बंगल्यात स्वयंपाकी, बँडमध्ये वादक म्हणून आलेल्या गोव्याच्या ख्रिस्ती माणसांनी धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत 'कूड' काढले. कूड म्हणजे एका गावच्या लोकांची मुंबईतील सामाईक खोली. भिंतीशी पत्र्याच्या पेट्यांची रांग, मध्यभागी गावच्या संताचा देव्हारा, संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना. धोबीतलावावरील जेर महाल ही इमारत तर कूडांसाठीच प्रसिद्ध आहे. असे कूड शेकड्यांनी निघाले. पण प्रत्येक आपल्या गावाचा. योगायोग असा की, याच माणसांच्या करमणुकीसाठी १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत जे पहिले कोंकणी तियात्र झाले त्याचे नाव 'इटालियन भुरगो', म्हणजे इटालियन पोरगा. मुंबईत आलेल्या एका इटालियन संगीत-नाटक मंडळीचा खेळ पाहून लुकाझिन रिबेरो यांनी ते उभे केले होते. फुटबॉल तर गोव्याच्या माणसाच्या रक्तातलाच. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर एकाच सामन्यात तीन गोल चढवून आशिया खंडातील पहिला मान मिळविणारा नेव्हिल डिसोझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोमंतकीयच होता. पण मुंबईच्या गोमंतकीयांचा गाव कूडातच राहिला. साओ पावलोच्या इटालियनांनी मात्र गावे मोडून एकच मोठा कूड केला, आणि तो मैदानावर उभारला.

साओ पावलोत फुटबॉल आणला तो इंग्रजांनी. चार्ल्स मिलर नावाचा तरुण १८९४ साली इंग्लंडातील शिक्षण संपवून चेंडू घेऊन परतला आणि पुढच्या वर्षी गॅस कंपनी विरुद्ध रेल्वे कंपनी असा सामना झाला. आरंभी हा साहेबांचा आणि मळेवाल्यांच्या मुलांचा खेळ होता. जर्मनांचा स्वतःचा क्लब होता, इंग्रजांचा होता, बड्या घराण्यांचा पावलिस्तानो होता. १९१० च्या सप्टेंबरात बोम रेतीरो वस्तीतील कामगारांनी कोरिन्थियन्स हा क्लब काढला. त्यात इटालियनही पुष्कळ होते. पण इटालियन म्हणून क्लब नव्हता.

१९१४ साली इटलीतील दोन नामांकित संघ, तोरिनो आणि प्रो व्हेर्चेल्ली, ब्राझीलच्या दौऱ्यावर आले. ज्या देशाची भाषा धड येत नाही, ज्याने आपल्याला भाकरी दिली नाही, त्या देशाचे खेळाडू पाहावयास हे लोक रविवारचे कपडे घालून लोटले. आपल्यालाही असा संघ का नसावा, हा विचार त्या गर्दीत अनेकांच्या मनात आला असेल. लुईजी चेर्वो, लुईजी मार्झो, विन्चेन्झो रागोन्येत्ती आणि एझेक्येल सिमोने या चौघांनी तो हाती घेतला. चेर्वो मातारात्सोच्या पेढीत नोकरीला होता. रागोन्येत्तीला लेखणी चालविता येत होती. 'फान्फुल्ला' हे साओ पावलोतील इटालियन वर्तमानपत्र घरोघर जात असे. त्यात आवाहन छापून आले, आणि २६ ऑगस्ट १९१४ रोजी एका सभागृहात ४६ माणसे जमली. युरोपात महायुद्ध पेटून जेमतेम चार आठवडे झाले होते. सिमोने पहिला अध्यक्ष झाला. नाव ठरले पालेस्त्रा इतालिया. रंग हिरवा, पांढरा आणि तांबडा, म्हणजे इटलीच्या निशाणाचेच. पहिला सामना २४ जानेवारी १९१५ रोजी व्होतोरान्तिम येथे साव्होया या संघाशी झाला आणि पालेस्त्राने तो २-० असा जिंकला.

यानंतर भांडण आले, आणि ते भाऊबंदकीचे आले. कोरिन्थियन्समधील काही इटालियन पालेस्त्राकडे गेले, तेव्हा उरलेल्यांनी त्यांना फितूर ठरविले. ६ मे १९१७ रोजी दोघे प्रथम समोरासमोर उभे राहिले. पालेस्त्राने ३-० असा विजय मिळविला. तिन्ही गोल एकट्या काएतानोचे. तेव्हापासून आजपर्यंत हे वैर तसेच पेटते आहे. १९३३ मध्ये तर पालेस्त्राने कोरिन्थियन्सला ८-० असे धुतले. तो आकडा ऐकवून अजूनही एकमेकांना डिवचतात. एकाच गिरणीत, एकाच चाळीत राहणाऱ्यांचे हे वैर. दोन परक्या माणसांत इतकी चुरस येत नाही.

१९२० हे वर्ष मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या वर्षी पालेस्त्राने आपली जमीन घेतली. आन्तार्क्तिका नावाच्या बिअर कंपनीचे बगीचा-मैदान क्लबाने विकत घेतले; त्यात मातारात्सोचा हात मोठा होता. आणि त्याच वर्षी प्रांताचे अजिंक्यपद प्रथमच मिळविले, तेही पावलिस्तानोला २-१ असे हरवून. पावलिस्तानो मागील चार वर्षे ओळीने अजिंक्य होता. तो कोणाचा क्लब हे वर आलेच आहे. हजार झाडांच्या हिशेबाने ज्यांच्या बापांनी कॉफी राखली त्यांच्या पोरांनी, ज्यांची झाडे होती त्यांच्या पोरांना हरविले. (त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात पूर्व बंगालमधून आलेल्यांचा ईस्ट बेंगॉल क्लब निघाला. परक्या शहरात अपमान गिळणाऱ्या माणसांना मैदानच का सुचते, हा अभ्यास कोणीतरी करावयास हवा.)

म्हणून हा क्लब म्हणजे बंधुभावाचा स्वर्ग होता असे मात्र कोणी समजू नये. १९१७ साली साओ पावलोत जो मोठा संप झाला त्याची ठिणगी मोओका भागातील क्रेस्पी यांच्या कापडगिरणीत पडली. मालक इटालियन, कामगारांतही इटालियनच अधिक. रविवारी मालक आणि कामगार एकाच रंगासाठी ओरडत आणि सोमवारी सकाळी भोंगा झाला की आपापल्या जागी जात. हा प्रश्न क्लबाने सोडविला नाही. आठवड्यातून दीड तास झाकला, एवढेच.

झाकलेल्या आणखी एका गोष्टीची किंमत पुढे द्यावी लागली. मुसोलिनी सत्तेवर आल्यावर परदेशातील इटालियनांना आपल्या नव्या साम्राज्याची पोरे म्हणून जवळ घेण्याचा उद्योग सुरू झाला. साओ पावलोतील काही धनाढ्य इटालियनांना, त्यात मातारात्सोही आला, मुसोलिनीचे कौतुक होते. गिरणीतील विणकराला ते असेलच असे नाही. पण १९४२ साल उजाडले तेव्हा हा फरक पाहावयास कोणाला सवड नव्हती.

ब्राझीलने २८ जानेवारी १९४२ रोजी जर्मनी, इटली व जपानशी संबंध तोडले. हुकूमशहा व्हार्गास याचे सरकार आधीच परकीयांच्या संस्थांवर डोळा ठेवून होते. साओ पावलोच्या पोलिसांनी या तिन्ही देशांच्या भाषा सार्वजनिक ठिकाणी बोलण्यास बंदी केली. मार्चमध्ये हुकूम निघाला की, या देशांच्या प्रजाजनांच्या ठेवींतून युद्धाच्या नुकसानीपोटी काही हिस्सा कापून घ्यावा. म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वी आलेली म्हातारी बाजारात जाऊन तोंड उघडावयास भिऊ लागली. तिला दुसरी भाषाच येत नव्हती. निजामाच्या राज्यात मराठी बोलण्यास कोणी बंदी केली नव्हती. परंतु कचेरीत आणि वरच्या शिक्षणात उर्दूवाचून पान हलत नसे. घरची भाषा उंबऱ्याच्या आत ठेवून बाहेर पडण्याची सवय कशी लागते, हे येथल्या जुन्या माणसांकडून मी ऐकले आहे.

क्लबाने मार्चमध्ये 'इतालिया' गाळले आणि 'पालेस्त्रा दे साओ पावलो' हे नाव घेतले. शर्टावरचा तांबडा रंगही गेला. पालेस्त्रा हा शब्द तर ग्रीक, त्याला कोणी काय म्हणणार, असा त्यांचा हिशेब. पण ऑगस्टच्या मध्यास जर्मन पाणबुडीने ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अनेक जहाजे बुडविली, सुमारे ६०० माणसे गेली, आणि २२ ऑगस्टला ब्राझील युद्धात उतरले. रस्त्यावर जमाव फिरू लागले. अशा वेळी व्युत्पत्तीचा आधार पुरत नाही. हेही नाव चालणार नाही असे क्लबाला बजावण्यात आले. अजिंक्यपदाचा सामना तोंडावर होता, आणि तोही साओ पावलो फुटबॉल क्लबाशी. हा प्रतिस्पर्धी आपले मैदान बळकावू पाहत आहे, असा पालेस्त्राच्या लोकांचा पक्का समज होता. तो किती खरा, यावर तेथे अजून वाद घालतात.

रातोरात नवे नाव ठरले: पाल्मेइरास. अर्थ ताडमाडाची झाडे. याच नावाचा एक जुना क्लब साओ पावलोत पूर्वी होऊन गेला होता, आणि पहिले अक्षर तेच राहत होते. आमच्या हिंगोलीनेही जागचे न हलता किती पत्ते बदलले! निजामाचे संस्थान, मग हैदराबाद राज्य, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र. तालुका परभणीचा होता तो १ मे १९९९ ला स्वतःच जिल्हा झाला. पण ते बदल आम्हांला हवेसे होते. येथे गोष्ट उलटी.

२० सप्टेंबर १९४२. पाकाएम्बूचे मैदान. लोक हुर्यो करणार, कदाचित अंगावर येणार, या भीतीत संघ बोगद्यात उभा होता. तेव्हा सैन्यातील कॅप्टन आदाल्बेर्तो मेन्देस पुढे झाले. त्यांच्यामागे खेळाडूंनी ब्राझीलचे मोठे निशाण सर्व बाजूंनी धरले आणि तसेच ते मैदानात आले. हुर्यो झाली नाही, टाळ्या पडल्या. ही युक्ती होती की निष्ठा, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की, त्या पोरांपैकी बहुतेकांनी इटली पाहिलीही नव्हती. पाल्मेइरास ३-१ असा पुढे असताना पंचांनी त्यांना पेनल्टी दिली. त्यावरून प्रतिस्पर्धी चिडले आणि पुढे खेळलेच नाहीत. अजिंक्यपद नव्या नावावर लिहिले गेले. त्याच वर्षी बेलो ओरिझोन्ते शहरातील दुसऱ्या पालेस्त्रा इतालियानेही नाव टाकले आणि दक्षिणेच्या आकाशातील तारकासमूहावरून 'क्रुझेइरो' हे नाव घेतले.

पुढची वर्षे भराभर सांगून टाकतो. १९५० मध्ये माराकानाच्या मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला रडविले. त्याच मैदानावर पुढील वर्षी देशोदेशीच्या क्लबांची स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम फेरीत पाल्मेइरासने इटलीच्या युव्हेन्तुसला १-० असे हरवून व दुसऱ्या सामन्यात २-२ अशी बरोबरी साधून करंडक घेतला. मग ७ सप्टेंबर १९६५ ला, ब्राझीलच्या स्वातंत्र्यदिनी, बेलो ओरिझोन्तेच्या नव्या मैदानाच्या उद्घाटनासाठी उरुग्वेशी सामना ठरला, तेव्हा राष्ट्रीय संघ म्हणून सबंध पाल्मेइरासच उभा करण्यात आला. राखीव खेळाडू त्यांचेच, शिक्षकही त्यांचाच, आणि तो अर्जेंटिनाचा! उरुग्वे ३-० असा हरला. ज्यांना तेवीस वर्षांपूर्वी निशाण हातात धरून आपण कोण ते दाखवावे लागले होते, त्यांच्या अंगावर आता देशाचाच सदरा होता.

उलट प्रवासही झाला. पिरासिकाबा गावचा जोझे आल्ताफिनी पाल्मेइरासकडून खेळत असे. तो इटलीचा दिवंगत खेळाडू माझोला याच्यासारखा दिसतो म्हणून त्याला माझोलाच म्हणत. १९५८ मध्ये तो ब्राझीलकडून विश्वचषक खेळला, मग मिलानला गेला आणि १९६२ मध्ये इटलीकडून विश्वचषकात उतरला. इटलीत गेल्यावर त्याला लोक आल्ताफिनी म्हणू लागले. ब्राझीलमध्ये इटालियन नाव आणि इटलीत खरे आडनाव, अशी ही मौज!

आणि डुकराची गोष्ट. इटालियनांना डुक्कर म्हणून हिणवण्याची चाल जुनी. १९६९ मध्ये कोरिन्थियन्सशी झालेल्या एका कडू वादानंतर ती पाल्मेइरासच्या माथी कायमची बसली. मैदानात डुकरे सोडण्यापर्यंत मजल गेली. वर्षानुवर्षे पाल्मेइरासवाले संतापत राहिले. १९८६ साली त्यांनी संतापणे सोडले आणि स्वतःच 'पोर्को, पोर्को' म्हणून आरोळी ठोकावयास सुरुवात केली. आता प्रतिस्पर्ध्यांना नवी शिवी शोधावी लागते.

१९२० साली घेतलेली ती जमीन क्लबाकडेच आहे. जुने बांधकाम पाडून त्या जागी २०१४ मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षी, नवे प्रचंड मैदान उभे राहिले. त्यासमोरून जाणाऱ्या तुरियासू रस्त्याच्या एका भागाचे नाव नगरपालिकेने बदलले आहे. निळ्या पाटीवर आता 'रुआ पालेस्त्रा इतालिया' असे लिहिलेले आहे.